आधी आठवडाभर कविता लिहू नका: रोजच्या दिवसात कविता लिहिण्याची आणि शिकवण्याची एक रीत

कविता शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: आठ दिवस कविता लिहायची नाही. काहीजण हिरमुसतात, एकदोघं पुन्हा येतही नाहीत. पण ‘आता कविता लिहू’ म्हणून बसलं की हात आधी वाचलेल्या कवितांकडेच वळतो. क्षितिज येतं, कातरवेळ येते, ओंजळ येते, आसवं तर न बोलावता येतात. ती आपली नसतात, कुणाच्यातरी कवितेतून उसनी आलेली असतात. म्हणून आधी आपल्या दिवसातला कच्चा माल गोळा करायचा आणि त्यानंतरच लिहायला घ्यायचं.

ही रीत मी मोठ्यांबरोबर वापरली आहे आणि मुलांबरोबरही. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. नोकरी, घर, प्रवास सांभाळून जेवढं होईल तेवढंच इथे सांगतो आहे.

नोंदवही

खिशात मावेल अशी साधी वही घ्या. सुंदर, जाड पुठ्ठ्याची वही घेऊ नका, तिच्यात खाडाखोड करायला जीव होत नाही. रोज तीन नोंदी करायच्या, प्रत्येक नोंद एक-दोन ओळींची. नियम दोनच. नोंद डोळ्यांनी पाहिलेल्या, कानांनी ऐकलेल्या किंवा हाताला लागलेल्या गोष्टीची हवी. आणि त्यात स्वतःच्या भावनेचं नाव लिहायचं नाही. ‘उदास वाटलं’ ही नोंद नव्हे. उदास वाटलं तेव्हा काय दिसत होतं, ते लिहा.

माझ्या वहीतल्या तीन नोंदी अशा आहेत:

‘लिफ्टच्या आरशात माणसं स्वतःकडे बघतात आणि दार उघडताना चेहरा बदलतात.’
‘वाढलेल्या झाडाने कुंपणाची तार गिळली आहे.’
‘वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज अकराला खुर्ची ओढतं. आज आवाज आला नाही.’

पहिली हुशार आहे. हुशार नोंदींपासून जरा जपून राहा, त्या स्वतःवर खूश असतात आणि पुढे काही करू देत नाहीत. दुसरी चांगली आहे, पण तिच्यात अजून कुणी माणूस नाही. तिसरीत काहीतरी घडलंय, किंवा घडायला हवं होतं ते घडलेलं नाही. कविता बहुतेक वेळा अशा नोंदीतून निघते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

वही जवळ नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवा. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतातलं आणि घरातलं काम करता करता त्या ओव्या रचत, म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी त्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. अमेरिकेतले कवी विल्यम कार्लोस विल्यम्स डॉक्टर होते, रुग्ण तपासताना मधल्या फटीत औषधाच्या चिठ्ठ्यांच्या कागदावर ओळी टिपत. तिथलेच कवी वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि ऑफिसला चालत जाताना कविता जुळवत. ‘वेळ मिळाला की लिहीन’ म्हणणाऱ्यांना मी ही नावं सांगतो, थोडं चिडवायला म्हणून.

कानाची तयारी

त्याच आठवड्यात दुसरं काम: आवडलेली एक कविता हाताने उतरवून काढा आणि रोज एकदा मोठ्याने म्हणा. फोनवर चिकटवून ठेवणं म्हणजे उतरवणं नव्हे. हाताने लिहिताना ओळ कुठे तुटली आणि तिथेच का तुटली, हे लक्षात येतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कविता आपोआप पाठ झालेली असते. पाठ झालेल्या कवितेचा ठेका चालताना पायात येतो, आणि पुढे स्वतःची ओळ अडखळली की हाच ठेका कान पकडतो.

पाठांतराचा कंटाळा शाळेने लावला, हे खरं. माझ्याही शाळेत कविता म्हणजे ‘कवीला काय म्हणायचे आहे’ या प्रश्नाचं पाच ओळींचं उत्तर होतं, आणि ते उत्तर फळ्यावर तयार मिळायचं. कविता मी खूप नंतर ऐकली. पण त्यात पाठांतराचा दोष नव्हता.

नोंदीपासून कवितेपर्यंत

आठव्या दिवशी वही उघडा. एकवीस नोंदी असतील. वाचताना जी नोंद ‘मग पुढे काय?’ असं विचारायला लावते ती निवडा. घड्याळ लावून दहा मिनिटं न थांबता लिहा. खोडायचं नाही, शब्द अडला तर रेघ मारून पुढे जायचं.

खुर्चीच्या नोंदीवर माझा पहिला खर्डा असा होता:

वरच्या मजल्यावर कुणीतरी
रोज रात्री खुर्ची ओढतं
आज मात्र सारं शांत आहे
मनात अनामिक हुरहुर दाटून येते
किती क्षणभंगुर हे जीवन!

शेवटच्या दोन ओळी कुणीही, कशावरही लिहू शकेल. मांजर हरवलं तरी चालतील, गाडी चुकली तरी चालतील. त्या कापल्या. ‘मात्र’ आणि ‘सारं’ हे भरीचे शब्द गेले. मग स्वतःला विचारलं: आवाज आला नाही तेव्हा मी प्रत्यक्षात काय केलं? हुरहुर वगैरे ठीक आहे, पण हातापायांनी काय केलं? आठवलं, आणि जरा हसूही आलं.

अकरा वाजता
वरची खुर्ची सरकते.
आज नाही सरकली.

साडेअकराला मी उठलो,
माझी खुर्ची
जराशी ओढली.

आता हुरहुर हा शब्द कुठेच नाही, तरी ती आहे. शिवाय कच्च्या खर्ड्यात नसलेली एक गोष्ट आत आली. माझ्याही खाली कुणीतरी राहतं, तेही ऐकत असेल. ते मी लिहिलं नाही. शीर्षक ‘खालच्यांसाठी’ द्यायचा मोह झाला होता, पण त्याने वाचणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेतलं असतं. शेवटी ‘मधला मजला’ ठेवलं. शीर्षकाने कवितेत नसलेली एखादी माहिती द्यावी, कवितेचा अर्थ सांगू नये.

म्हणजे दुरुस्ती करताना स्वतःला विचारायचे प्रश्न असे: ही ओळ दुसऱ्या कुठल्याही कवितेत बसेल का? बसत असेल तर काढा. पहिल्या दोन ओळी काढल्या तर काही बिघडतं का? बहुतेक वेळा बिघडत नाही, तो फक्त घसा साफ करण्याचा आवाज असतो. शेवटच्या ओळीत मी उपदेश करतोय का? आणि कविता मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडखळते? तिथे खूण करा. कागदावर ठीक दिसणारी ओळ तोंडात कितीदा तरी फसते.

खर्डे फेकू नका, तारीख घालून एकाच वहीत ठेवा. शिकवताना तेच सगळ्यात उपयोगी पडतात.

क्रियापदाचा सापळा

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ओळीच्या शेवटी आलो, गेलो, झालो, न्हालो अशी रांग लागते आणि लिहिणाऱ्याला वाटतं की यमक जुळलं. हे यमक भाषेनेच फुकटात दिलेलं आहे, कवीने त्यात काहीच कमावलेलं नाही. ‘येते–जाते’, ‘हसला–बसला’ वाचताना पुढचा शब्द वाचणाऱ्याला आधीच कळलेला असतो.

यावर दोन उपाय. एक: जोडीतला एक शब्द नाम आणि दुसरा क्रियापद किंवा विशेषण असू द्या. ‘कडी’ला ‘उघडी’ चालेल, ‘पडली’ला ‘घडली’ नको. दोन: क्रियापद ओळीच्या आत ढकला. ‘जिन्यात दिवा लागला’ ऐवजी ‘लागला दिवा जिन्यात’ लिहून पाहा, आता यमक ‘जिन्यात’शी जुळवावं लागेल, आणि त्या शोधात कधीकधी अनपेक्षित शब्द सापडतो. पण वाक्य उलटं केल्यावर ते नाटकी वाटायला लागलं तर सरळ यमक सोडून द्या. यमकासाठी खोटं बोलण्यापेक्षा मुक्तछंद बरा.

अक्षरं मोजा

मुक्तछंदात चार-पाच कविता झाल्या की स्वतःला एका बंधनात घाला. मोजण्याच्या कामात डोकं गुंतलं की मनातली नेहमीची वाक्यं मागे पडतात, हा मोठा फायदा. सुरुवातीला अभंगाचं माप सगळ्यात सोपं, कारण मराठी कानाला ते आधीच माहीत असतं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. उदाहरणासाठी मी जुळवलेलं एक कडवं:

दाराची ही कडी
रात्रभर हले
कोण येथे आले
वाऱ्याविना

मोजून पाहू. दा-रा-ची-ही-क-डी, सहा. रा-त्र-भ-र-ह-ले, सहा. जोडाक्षर एकच धरायचं, ‘त्र’ची दोन अक्षरं होत नाहीत. को-ण-ये-थे-आ-ले, सहा. वा-ऱ्या-वि-ना, चार. बोलताना आपण ‘रात्रभर्’ म्हणतो, पण छंदात शेवटचा ‘र’ पूर्ण धरायचा. इथे ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, अक्षरांची संख्या तेवढी सांभाळायची. यमक (हले–आले) मात्र क्रियापदांचंच झालंय, वर दिलेला सल्ला मलाही नेहमी पाळता येत नाही. निदान शेवटचा चार अक्षरांचा चरण यमकातून मोकळा आहे, म्हणून त्यात एक वळण घेता आलं. या छंदाची खरी गंमत त्या शेवटच्या छोट्या चरणात आहे.

पुढची पायरी मात्रांची. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला तर तेही गुरू होतं: ‘सत्य’मधला ‘स’ गुरू. पण ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात पडत नाही, तो लघूच राहतो. इथे नियमापेक्षा कानावर विश्वास ठेवा.

त्याच्याही पुढे गणवृत्तं, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम ठरलेली वृत्तं. तीन-तीन अक्षरांचे आठ गण आहेत आणि ते ‘यमाताराजभानसलगा’ या एका शब्दात लपलेले आहेत. हवा तो गण त्याच्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरं वाचून काढायचा: ‘यमाता’ म्हणजे लघू-गुरू-गुरू, हा य गण. य गण चारदा आला की बारा अक्षरांचं भुजंगप्रयात. रामदासांचे मनाचे श्लोक ज्या वृत्तात आहेत तेच हे. ‘कुणाची तरी हाक कानात आली’ ही ओळ कुणाची–तरी हा–क काना–त आली अशी तोडून म्हणा, ठेका लगेच सापडेल. सुरुवातीला या वृत्तात नुसती बडबड लिहा. अर्थ नंतर बघू.

हायकूही करून पाहण्यासारखा. मूळ जपानी घाट तीन ओळींचा, पाच-सात-पाच अक्षरांचा आहे आणि मराठीत तो कवयित्री शिरीष पै यांनी रुजवला. नोंदवहीची सवय असलेल्यांना तो पटकन जमतो. नेमकी इथेच अडचण आहे: जमल्यासारखा वाटतो आणि नोंदच राहतो. दोन चित्रं शेजारी ठेवून त्यांच्यात ठिणगी पडते का, एवढंच तपासा.

मुलांना शिकवताना

सगळ्यात आधी ‘या कवितेतून काय बोध मिळतो’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: कुठल्या शब्दापाशी थांबलास? कुठली ओळ पुन्हा वाचावीशी वाटली? यात काय दिसलं, काय ऐकू आलं? कवी खोटं बोलतोय असं कुठे वाटलं? हा शेवटचा प्रश्न मुलांना फार आवडतो.

दुसरं, यमकाची सक्ती नको. यमक मागितलं की मूल अर्थ सोडून शब्द शोधत बसतं आणि ‘ससा–कसा’वर थांबतं. अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवायला घेतलं तेव्हा त्यांनी यमक नकोच म्हणून सांगितलं होतं. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या इच्छेची एक ओळ लिहायची, सगळ्या ओळी एकत्र करून मोठ्याने वाचायच्या आणि वर्गाची कविता तयार. त्यांची दुसरी क्लृप्ती ‘आधी मी असा होतो, पण आता…’ या सुरुवातीची. मराठीत ती ‘आधी मला वाटायचं… आता…’ अशी छान चालते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आधी मला वाटायचं आजी झोपते. आता कळलं ती नुसते डोळे मिटते.’ वर्गात कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

माझा चाळीस मिनिटांचा तास साधारण असा जातो. पाच मिनिटं कविता वाचतो, दोनदा, अर्थ न सांगता. दहा मिनिटं वर दिलेले प्रश्न. मग सुरुवातीचे दोन-तीन शब्द फळ्यावर लिहून देतो आणि पंधरा मिनिटं सगळे लिहितात, मीसुद्धा. शिक्षकाने लिहिणं महत्त्वाचं आहे. त्याला खोडताना बघितलं की मुलांची भीती जाते. उरलेला वेळ वाचन, ज्याला वाचायचंय त्याने, बाकीच्यांना सूट.

शुद्धलेखन त्या दिवशी तपासायचं नाही. लाल पेन्सिल दिसली की मूल फक्त येणारेच शब्द वापरतं आणि वही गरीब होते. दोन दिवसांनी, स्वच्छ प्रत करताना, ऱ्हस्व-दीर्घ बघू. गुण तर देऊच नका, आणि द्यावेच लागले तर दुरुस्तीला द्या: पहिल्या खर्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत काय बदललं, त्याला.

एकदा दहा वर्षांच्या एका मुलाने लिहून आणलं: ‘चंद्र म्हणजे चांदीची थाळी.’ चूक काहीच नव्हती, पण ती थाळी त्याची नव्हती. मी ‘छान’ म्हटलं नाही आणि ‘हे जुनं झालं’ असंही म्हटलं नाही. विचारलं, काल चंद्र कुठे पाहिलास? म्हणाला, लाइट गेली तेव्हा जिन्यात. कसा होता? ‘नव्हताच. पायऱ्या दिसत होत्या फक्त.’ हेच लिही, म्हटलं. त्याचा विश्वास बसेना, ‘पण ही काय कविता आहे का?’ शेवटी त्याने लिहिलं:

लाइट गेली
चंद्र दिसला नाही
पायऱ्या दिसल्या

मी एकही शब्द सुचवलेला नव्हता. शिकवणाऱ्याचं काम बरंचसं एवढंच, पुढचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकताना गप्प बसायचं. शब्द सुचवायचा मोह मला अजूनही होतो, आणि सुचवला की कविता माझी होते.

घरी मुलाबरोबर करत असाल तर वही-पेनही नको. ‘आज काय पाहिलंस जे दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल?’ हा प्रश्न झोपताना विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. वाक्य सुधारू नका. महिन्याने त्याला ते वाचून दाखवा.

मोठ्यांचा गट

मोठ्यांना शिकवणं जास्त कठीण, कारण त्यांना दाद हवी असते. चार ते आठजण पुरेत. ज्याची कविता आहे त्याने दोनदा वाचायची आणि मग गप्प राहायचं, खुलासा करायचा नाही. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य आमच्या गटात वर्ज्य आहे. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्याला काय दिसलं ते सांगायचं, मग लक्ष कुठे निसटलं ते. ‘वाह’, ‘अप्रतिम’ आणि हात जोडलेली चिन्हं फोनवरच्या गटात ठीक आहेत, इथे नकोत. कवीने शेवटी फक्त एक प्रश्न विचारायचा. बदल तिथल्या तिथे करायचा नाही, घरी जाऊन, तीन दिवसांनी. पाचजणांनी पाच बदल सुचवले असतील तर त्यातला एखादाच खरा असतो, पण पाचही जणांचं बोट एकाच ओळीवर पडलं असेल तर ती ओळ नक्की आजारी आहे, उपाय मात्र त्यांनी सांगितलेला नसतो.

अडलं तर

दोन-तीन महिन्यांत एक कोरडा काळ येतोच. तेव्हा कविता लिहायचा हट्ट सोडा आणि नोंदींवर परत या, रोज तीन. तेही होत नसेल तर जुन्या वहीतली वाया गेलेली एक कविता घ्या आणि तिची फक्त एक ओळ ठेवून बाकी सगळं खोडा. माझ्या वहीत कुंपणाची तार गिळणारं ते झाड चार वर्षं पडून आहे. दर पावसाळ्यात मी ते काढून बघतो, अजून माणूस आलेला नाही.